होळीला पुरणपोळी जास्त झाली, आज धुळवड: दिवस कसा काढू?

प्रश्न असा आहे: "काल होळीला दुपारी सहा पुरणपोळ्या झाल्या. वर तूप, कटाची आमटी, भजी, कुरडया. रात्री भूक नव्हती, पण सासूबाईंनी वाढलं म्हणून आणखी दोन पोळ्या दुधाशी खाल्ल्या. रात्रभर करपट ढेकर येत होते, झोप लागली नाही. आज सकाळी काट्यावर वजन १.८ किलोने जास्त दिसलं. वय ४१, बीपीची गोळी चालू आहे, शुगर नाही. आज कडकडीत उपवास करून संध्याकाळी दोन तास चालायचं ठरवलंय. रात्री घरी धुळवडीचं मटण आहे. आजचा दिवस नेमका कसा काढू?"

ताई, आधी रात्रीच्या मटणाचं बोलते, कारण खरी अडचण तिथे आहे. दिवसभर पोटात काही नाही, मार्चचं ऊन, त्यात दोन तासांची चाल, आणि सात वाजता घरभर रश्श्याचा वास. अशा वेळी "दोनच घास खाईन" हा निश्चय टिकत नाही. तो तुमच्या मनाचा कमकुवतपणा म्हणू नका, उपाशी शरीर तसंच वागतं. सांगलीकडे सव्वीस वर्षं दवाखाना चालवतेय. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी पोट घेऊन जे येतात, त्यांत नुसत्या पुरणाने बिघडलेले थोडे असतात. होळीला तडस लागेपर्यंत जेवले, धुळवडीला दिवसभर उपाशी राहिले आणि रात्री मटणावर तुटून पडले, असेच जास्त. एका जेवणाने जे झालं नसतं ते त्या मधल्या उपाशी दिवसाने होतं. म्हणून आज उपवास करू नका. माझ्या उत्तरातली एवढी एकच गोष्ट लक्षात राहिली तरी चालेल.

आता काट्याचं. १.८ किलो पाहून पोटात गोळा आला असेल, पण हिशेब करून बघू. एक किलो चरबी अंगावर चढायला गरजेपेक्षा साधारण ७,७०० कॅलरी जास्त खाव्या लागतात. म्हणजे १.८ किलो चरबीला १३,८०० च्या वर. एका मध्यम पुरणपोळीत साधारण ३०० कॅलरी धरल्या, तर रोजचं जेवण पुरं करून त्यावर ४६ पोळ्या खाव्या लागतील. तुम्ही आठ खाल्ल्यात. तूप, आमटी-भात, भजी, कुरडया, दूध आणि सकाळचा नाश्ता सगळं मिळून काल ४,००० च्या आसपास गेलं असेल. तुमच्या वयाच्या, घरकाम करणाऱ्या बाईची रोजची गरज १,९०० धरली, तर जास्तीचं झालं २,१००. सगळंच्या सगळं चरबीत साठलं असं मानलं तरी पाव किलोच्या जरा वर. हे शून्य नाही, शून्य आहे असं मी सांगणार नाही. पण १.८ ही नाही.

मग उरलेलं दीड किलो कुठून आलं? एक तर कालचं अन्न अजून तुमच्या आत आहे. भरपूर तुपाचं जेवण जठरातूनच हळू पुढे सरकतं, आणि तोंडापासून शौचापर्यंतचा पूर्ण प्रवास एक ते तीन दिवसांचा असतो. दुसरं, गूळ आणि कणकेतून आलेली साखर शरीर आधी यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन म्हणून साठवतं, आणि त्याच्या दर ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. तिसरं मीठ. आमटी, भजी, कुरडया, पापड, लोणचं. रक्तातलं मिठाचं प्रमाण शरीर कटाक्षाने सांभाळतं, त्यामुळे मीठ जास्त गेलं की ते पातळ ठेवायला पाणी अडवतं. म्हणूनच काल रात्री तहान लागली असेल, आज अंगठी घट्ट वाटत असेल. पाळी जवळ आली असेल तर त्याचंही पाणी त्यात. हे सगळं तीन-चार दिवसांत आपसूक उतरतं. उपवास करून उद्या काटा एक किलो खाली आला, तर तेही पाणीच असेल, आणि उपवासाने काम केलं असा उगाच समज होईल.

ब्रिटनमधल्या बाथ विद्यापीठात २०२० साली एक छोटा अभ्यास झाला होता. १४ निरोगी तरुण पुरुषांना एकदा समाधान होईपर्यंत आणि एकदा अगदी घास जाईना इतका पिझ्झा खायला दिला. दुसऱ्या वेळी त्यांनी जवळजवळ दुप्पट खाल्लं, तरी रक्तातली साखर नेहमीच्या जेवणापेक्षा वर गेली नाही. शरीराने जास्तीचं इन्सुलिन सोडून ती सांभाळली. तरुण, निरोगी माणसांचा आणि एकाच जेवणाचा हा अभ्यास. मधुमेहाच्या माणसाला तो लावता येत नाही, आणि रोज असं खाणाऱ्यालाही नाही. पण सणाच्या एका पंगतीने धडधाकट शरीर कोलमडत नाही, इतकं त्यावरून नक्की म्हणता येतं.

आता आजचा दिवस. सकाळी भूक नसेल तर जबरदस्तीने नाश्ता करू नका. भूक लागेपर्यंत थांबणं वेगळं आणि शिक्षा म्हणून उपाशी राहणं वेगळं. साडेदहा-अकराला पोटात खरी भूक जाणवली की तेव्हा खा. मात्र बीपीची गोळी रोजच्या वेळी घ्या, ती आज चुकवायची नाही. आणि निर्जळी तर मुळीच नको. बीपीच्या काही गोळ्या लघवीवाटे पाणी आणि मीठ बाहेर काढतात. तुमची त्यातली असेल तर पाण्याशिवाय उन्हात दोन तास चालणं म्हणजे चक्कर येऊन पडण्याची तयारी. दिवसभर थोडं थोडं पाणी प्या, लघवी फिकट पिवळी राहील इतपत. तांबेच्या तांबे पाणी ढोसून पोट "धुऊन" निघत नाही.

इथे एक महत्त्वाची गोष्ट, तुमच्यासाठी नाही पण हे वाचणाऱ्या मधुमेही मंडळींसाठी. काल गोड झालं म्हणून आज जेवण टाळायचं आणि गोळी मात्र घ्यायची, किंवा स्वतःच्या मनाने दोन घ्यायच्या, हे धोक्याचं आहे. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेऊन पोट रिकामं ठेवलं की साखर धाडकन उतरते. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी अशाच एका काकूंना त्यांचा मुलगा रिक्षातून घेऊन आला होता. घामाने चिंब, बोलणं असंबद्ध, साखर ४८. काल दोन जिलब्या जास्त झाल्या म्हणून त्यांनी सकाळी फक्त काळा चहा आणि गोळी घेतली होती. आज साखर थोडी वर दिसली तरी नेहमीचा डोस, वेळेवर साधं जेवण आणि थोडं चालणं, एवढंच करायचं. फारच वर असेल तर डॉक्टरांना फोन करायचा, डोस आपण ठरवायचा नाही.

तर अकराच्या सुमाराला, भूक लागल्यावर, मुगाच्या डाळीची सैल खिचडी किंवा मऊ भात, त्यावर पातळ वरण. सोबत दुधी, दोडका नाहीतर पडवळाची भाजी, कमी तेलाची. एक वाटी ताजं, पातळ ताक, जिरेपूड आणि चिमूटभर हिंग घालून. मीठ अगदी बेताचं. आजारी माणसाचं जेवण म्हणून हे सांगत नाहीये. कालच्या तुपाने मंदावलेल्या जठराला ते जड पडत नाही, आणि त्यात पाणी पुष्कळ असल्याने तहानही भागते. आमच्या शास्त्राबाहेरचा विषय म्हणून मी आयुर्वेदावर फार बोलत नाही, पण लोक ज्याला लंघन म्हणतात त्याचा मूळ अर्थ शरीराला हलकेपणा आणणारं ते लंघन, असा आहे. उपाशी राहणं हा त्यातला एकच प्रकार. आमची आजी सणाच्या दुसऱ्या दिवशी सगळ्यांना मऊ भात वाढायची. त्याला ती लंघनच म्हणायची, आणि कुणी उपाशी नसायचं.

आणि उपवास करायचाच असं ठरवलंत, तर आपल्याकडे तो काय होतो हेही बघा. साबुदाण्याची खिचडी, दाण्याचं कूट, तुपातले बटाटे. कालच्या जेवणाला उतारा म्हणून याहून जड काय असणार?

पोट फुगलंय, वायू धरलाय, त्याचं कारण हरभऱ्याची डाळ. तिच्यात काही साखरी अशा असतात की त्या फोडणारं पाचकद्रव्य माणसाच्या लहान आतड्यात नसतं. त्या तशाच मोठ्या आतड्यात पोचतात, तिथले जिवाणू त्या आंबवतात आणि वायू तयार होतो. पोचायला काही तास लागतात, म्हणून दुपारच्या पुरणाचा गुबारा रात्री आणि सकाळी धरतो. डाळ शिजवून पाणी काढलं की यातला काही भाग कटात उतरतो. पण आपण त्या कटाचीच आमटी करून पितो, त्यामुळे फायदा तिथेच संपतो. (आमटी करू नका असं नाही. कटाच्या आमटीशिवाय पुरणपोळी मलाही जात नाही.) आज कच्च्या कोशिंबिरींचं ताट, मोड आलेली कडधान्यं किंवा इसबगोलाचे दोन मोठे चमचे घेऊन "फायबर" वाढवायला जाऊ नका, वायू वाढेल. तो कोटा उद्या-परवा. आज ओवा चावा, जिऱ्याचं कोमट पाणी घ्या, आणि मुख्य म्हणजे चाला.

चालायचं किती? दोन तास नाही. तासभर चालून तुमच्या वजनाची बाई दोन-अडीचशे कॅलरी खर्च करते, म्हणजे पाऊण पोळी. त्या हिशेबाने काल फेडायला निघालात तर आठवडा जाईल आणि गुडघे दुखतील ते वेगळंच. सकाळी ऊन चढायच्या आत २० मिनिटं आणि दोन्ही जेवणांनंतर १०-१५ मिनिटं संथ चाला. जेवणानंतरच्या चालण्याने साखर बेतात राहते आणि वायू पुढे सरकतो. जिममध्ये जाऊन भरल्या पोटी पोटाचे व्यायाम, उड्या, जोर-बैठका आज नकोत. आंबट पाणी वर येईल, बाकी काही नाही.

रात्रीच्या करपट ढेकरांबद्दल. जठर गच्च भरलं की अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप सैल पडते. त्यात दहाला जेवून अकराला आडवं झालं की आम्ल सरळ वर. आज रात्री जेवण आणि झोप यात तीन तासांचं अंतर ठेवा. पलंगाची डोक्याकडची बाजू विटेवर वर घ्या, नुसत्या दोन उशा घेऊ नका, त्याने पोट दुमडून दाब वाढतो. आणि डाव्या कुशीवर झोपा. वामकुक्षी हा शब्द आपण दुपारच्या झोपेला सरसकट वापरतो, पण वाम म्हणजे डावी, डाव्या कुशीवर घटकाभर पडणं. या कुशीवर जठर अन्ननलिकेच्या खालच्या पातळीला राहतं आणि आम्ल कमी वर येतं. आज दुपारी मात्र जेवल्या जेवल्या आडव्या होऊ नका. काल रात्रीची झोप राहिलीय, ती आज लवकर निजून भरून काढा. अपुऱ्या झोपेने दुसऱ्या दिवशी भूक वाढते आणि गोड-तळकट खावंसं वाटतं, हे पक्कं ठाऊक झालेलं आहे.

जळजळ फार असेल तर ॲसिडिटीचं साधं पातळ औषध एक-दोन वेळा चालेल. फसफसणाऱ्या पुड्या तुम्ही टाळा. त्यात सोडियम भरपूर असतं आणि तुम्हाला बीपी आहे. आणि स्वयंपाकघरातला खायचा सोडा चमचाभर पाण्यात घालून पिणं कुणीच करू नये. गच्च भरलेल्या जठरात आम्लाशी मिळून त्याचा वायू एकदम तयार होतो. त्याने जठर फाटल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. विरळ, पण आहेत. डोकं दुखतंय म्हणून रिकाम्या पोटी वेदनाशामक गोळी नको. कोमट पाण्यात लिंबू-मध पिऊन चरबी जळत नाही. मध ही साखरच आहे.

त्रिफळा किंवा एरंडेल घेऊन पोट साफ करायचा विचार अनेक जणी करतात, म्हणून सांगते. अन्नातल्या कॅलरी लहान आतड्यात शोषल्या जातात. जुलाबाच्या बहुतेक औषधांचा जोर त्याच्या पुढे, मोठ्या आतड्यावर असतो; एरंडेल लहान आतड्यावरही काम करतं, पण दुसऱ्या दिवशी घेईपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणजे औषध काम करेपर्यंत पोळी रक्तात गेलेली असते. बाहेर पडतं ते पाणी आणि क्षार. घशात बोटं घालून उलटी काढणं तर कधीच नको. दात, घसा आणि रक्तातलं पोटॅशियम तिन्हींचं नुकसान.

आता मटण. खा. चार-साडेचारच्या सुमाराला एखादं केळं, पपईच्या फोडी नाहीतर कपभर दूध घ्या, म्हणजे रात्री भुकेने हातघाईवर येणार नाही. जेवण साडेसात-आठला उरका. एक भाकरी, तीन-चार फोडी, कांदा-काकडी, आणि रस्सा एक वाटी, वरचा तवंग बाजूला सारून. रश्श्यातच मीठ सगळ्यात जास्त असतं आणि बीपीवाल्यांचा घात तोच करतो, कारण तो वाटीवर वाटी प्यायला जातो. पापड, लोणचं आज ताटात नको. रस्सा-भाताचा दुसरा फेरा टाळलात तर झालं. घरी बीपीचं यंत्र असेल तर उद्या सकाळी एकदा मोजा. घरात कुणाला गाऊटचा (युरिक ॲसिड वाढून सांधे सुजण्याचा) त्रास असेल, तर मटण आणि सोबत बिअर हा बेत त्यांना रात्रीत अंगठा सुजवून उठवेल, त्यांनी आज खरंच आवरावं.

हे सगळं "जास्त खाल्लं" एवढ्याच त्रासाबद्दल. काही लक्षणं मात्र अपचनावर ढकलायची नाहीत. छातीत मधोमध दाब किंवा आवळल्यासारखं वाटणं, डाव्या हातात, जबड्यात, पाठीत कळ, दरदरून घाम, दम लागणं. "काल जड जेवण झालं, गॅस असेल" म्हणून जिरा सोडा पिऊन पहाट होईपर्यंत बसून राहिलेले एक गृहस्थ मला आजही आठवतात. सकाळी ईसीजी काढला तेव्हा हृदयविकाराचा झटका येऊन सहा तास झाले होते. बायकांमध्ये आणि मधुमेह्यांमध्ये छातीत कळ न येता नुसता थकवा, मळमळ, घाम असंही होतं. अशा वेळी १०८ ला फोन करा, जवळ मोठं रुग्णालय असेल तर लगेच न्या, पण वाट बघू नका. उजव्या बरगडीखाली राहून राहून येणारी, उजव्या खांद्यात जाणारी कळ पित्ताशयातल्या खड्यांची असू शकते, तूपकट जेवण तिला निमित्त होतं. पोटाच्या वरच्या भागातून आरपार पाठीत जाणारी, बसून पुढे वाकल्यावर जरा कमी होणारी तीव्र वेदना स्वादुपिंडाची असू शकते. काळी शौच, रक्ताची उलटी, ताप, उलट्या न थांबणं, पोट टणक होऊन वायूही न सरणं, यातलं काही असेल तर घरगुती उपाय थांबवून लगेच डॉक्टरांकडे जायचं. आणि ज्यांचं हृदय मुळात अशक्त आहे, त्यांनी दोन दिवसांत दोन किलो वाढलेलं वजन "पाणीच आहे" म्हणून सोडून द्यायचं नाही. त्यांच्याबाबतीत ते पाणीच धोक्याचं असतं.

शेवटी तुमच्या प्रश्नातली एक गोष्ट मनात राहिली. दुपारच्या सहा पोळ्यांचं मला काही वाटलं नाही. वर्षातून एकदा होतं ते, आवडीने खाल्लंत. रात्रीच्या दोन मात्र भूक नसताना, वाढलं म्हणून गेल्या. त्रास झाला तो त्यांनीच जास्त. आग्रह हे आपल्याकडे प्रेम आहे, आणि सुनेला "नको" म्हणणं सोपं नाही, हे मी जाणते. "आई, एक सकाळसाठी ठेवा, सकाळी दुधाशी छान लागते," हे वाक्य माझ्या बऱ्याच पेशंट बायकांनी वापरून पाहिलंय. पोळीचा अव्हेर होत नाही आणि ताटही रिकामं राहतं.

पण कुणाच्या आग्रहाशिवायही, सण नसतानाही, आठवड्यातून एकदा तरी हात थांबतच नाही असं होत असेल, लपून खाणं होत असेल, आणि मग दुसऱ्या दिवशी उपवास, जुलाब, उलटी, तर तो स्वभावदोष नव्हे, आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. शरमेने गप्प बसू नका. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. कुणाशी बोलावं कळत नसेल तर सरकारच्या टेली मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

काटा आता चार दिवस कपाटावर ठेवा. पाचव्या दिवशी सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी वजन करा आणि तोच आकडा खरा धरा. उरलेल्या पोळ्या फ्रीजमध्ये ठेवा, या दिवसांत पुरण बाहेर आंबतं. उद्या दुपारच्या जेवणात चपातीऐवजी त्यातली एक घ्या, गरम करून, थोड्या दुधाशी, ताटावर बसून.